कोचकोरचे सात पितर आणि बिनहाडाचा वकील

सृष्टीचा जो कर्ता, ज्याने आधी पर्वत उभे केले, मग त्यांच्या पायथ्याशी घोडा निर्माण केला, आणि थोडी सवड उरली तेव्हा मनुष्यही घडविला, त्याचे स्मरण करोन ही हकीकत लिहावयास घेतली ऐसीजे. बारा जनावरांच्या कालगणनेत घोड्याचे वर्ष चालू असता, रशियाच्या दक्षिणेकडील पर्वतांच्या मुलखी कोचकोर गावी, भर दुपारी, एका स्वयंपाकघरात जे युद्ध जाहले, त्याची वार्ता जो तो आपल्या मगदुराप्रमाणे सांगू लागला. कोणी म्हणे म्हाताऱ्याने फोन कालव्यात टाकिला, कोणी म्हणे सुनेने यंत्रास लाटण्याने मारिले, आणि ज्यांनी काहीच पाहिले नव्हते ते सर्वांत अधिक सांगत. सबब खरे काय ते यथास्थित नमूद करणे प्राप्त जाहले.

त्या मुलखी राजमान्य शार्शेन इमानाली-उलू, म्हणजे इमानालीचे पुत्र, मानाने शार्शेनबाय, हे बहुत मातबर गृहस्थ. वय सत्तरीपलीकडे, पांढरी उंच टोपी, गुडघे कुरकुरते, परंतु घोड्यावर बसले म्हणजे गुडघे आहेत हे विसरत. घोड्याचे नाव तोरू. रंग तांबूस, कपाळी चांदवा, आणि स्वभाव असा की धन्याखेरीज कोणी पाठीवर हात ठेविला तर टोपी ओढून चावून टाकावी. घरात दुसरी त्यांची सून बुरूल. पुत्र मिरलान उत्तरेस रशियाच्या मुलखी इमारतींच्या कामावर चाकरीस होता, आणि घराचा सारा कारभार बुरूलच्या शिरी होता.

आता त्या मुलखीचा एक कायदा असा की सुनेने सासऱ्याचे नाव उच्चारू नये, आणि सासऱ्याच्या वडिलांचे, आज्यांचे, पणज्यांचेही उच्चारू नये. बुरूल या कायद्यात बहुत कडक. शार्शेन म्हणजे तिकडील बोलीत बुधवारी जन्मला तो. म्हणोन बुरूल बुधवार हा शब्दही तोंडावाटे काढीत नसे, मंगळवारानंतरचा दिवस म्हणे, आणि दवाखान्यातील डॉक्टरीणबाई तिच्या या तारखा लिहून घेताना जेरीस येत.

हे राज्य सुरळीत चालले असता शेजारच्या कुबातने आग लाविली. कुबात हा शार्शेनबाय यांच्या बरोबरीच्या वयाचा, आणि बरोबरीच्या वयाच्यांनी एकमेकांस वाटेल ते बोलावे, त्याचा राग धरू नये, असा तेथील रिवाज. तो चहा पीत पीत म्हणाला, की हल्ली एक नाणे निघाले आहे, त्यास क्रिप्टो म्हणतात, त्यास रूप नाही, वजन नाही, खणखणाट नाही, तरी ते मेंढ्यांसारखे वाढते, आणि त्यास चारा लागत नाही. हे ऐकोन शार्शेनबाय यांचे मन गेले. मग त्यांनी पुत्रास फर्माविले, आणि पुत्राने फोनमध्ये एक वकील तैनात करून दिला. हा वकील म्हणजे एआय एजंट. त्यास हाड नाही, मांस नाही, झोप नाही, मिशी नाही, परंतु बोलणे इतके अदबीचे की कुबातही प्रथम ऐकला तेव्हा टोपी नीट करोन बसला. त्यास तोंडाने सांगावे, की त्याने बाजारात जाऊन खरेदी करावी.

तेव्हा शार्शेनबाय यांनी सात कायम हुकूम दिले, की दर शुक्रवारी सूर्योदयास खात्यातून इतके काढावे आणि नाणे घ्यावे. शुक्रवार का, तर तो पितरांचा वार. आणि प्रत्येक हुकुमास नाव हवे असे वकील म्हणाला, तेव्हा त्यांनी क्षणभरही विचार न करता आपले सात पितर सांगितले. इमानाली, बोरूकुल, तिलेबाल्दी, ओतोरबाय, सारीबाय, तिनाय, आणि मूळपुरुष आलिमबाय. सात पिढ्यांची नावे ज्यास पाठ नाहीत त्याची त्या मुलखी गणतीच नाही. आणि शार्शेनबाय यांस वाटले, की पितरांच्या नावे ठेविलेला पैसा पितर आपले समजून राखतील.

पुत्राने दुरून एक तहनामाही करविला होता. त्याचे कलम असे, की हुकूम वाढविण्यास धन्याची एकट्याची जबानी पुरे; परंतु मोडण्यास दोघांची लागेल. धन्याने हुकुमाचे नाव घेऊन तो रद्द म्हणावे, आणि बुरूल जी दुसरी राखणदार, तिने धन्याचे पूर्ण नाव आपल्या तोंडाने उच्चारोन साक्ष द्यावी; लिहिलेले चालणार नाही. म्हाताऱ्याने एकट्याने घाईत काही मोडू नये म्हणोन हा बंदोबस्त होता. आपण सासरा, सून आणि नाव ही तिन्ही एका कलमात कोंबिली, हे मिरलानच्या ध्यानी आले नाही. तो बहुत दिवस बाहेर राहिलेला.

पुढे शार्शेनबाय यांची पत्नी बेगायिम वारली होती तिचे वर्ष भरत आले. वर्षाच्या जेवणास सारा गाव येतो, आणि एक घोडा कापावा लागतो. मेंढ्यांवर भागविले तर लोक तोंडावर काही म्हणत नाहीत, आणि पाठीमागे म्हणावयाचे थांबत नाहीत. जेवण रविवारी, जनावरांचा बाजार शनिवारी, आणि त्या दोहींच्या आधी शुक्रवार. बुरूलने खाते पाहिले, तो पितरांनी शुक्रवारमागे शुक्रवार खाऊन खाते इतके बारीक केले होते की जे उरले त्यात एक लठ्ठ घोडी जेमतेम येईल; आणि आणखी एक शुक्रवार गेला तर घोडीची शेपटी येईल. घेतलेले नाणे विकावे, तर त्याचा भाव बसलेला, आणि पैसे हाती यावयास पुढील आठवडा; खात्यातील रोकड आधीच काढावी, तर पेढी बाजाराच्या दिवशी शनिवारीच उघडे.

कुबात कुंपणावरून म्हणाला, "चिंता कशाला करतोस? घोडा तर दारातच बांधलेला आहे. तोरूचं मांस जरा चिवट निघेल, पण माझे दात अजून शाबूत आहेत."

शार्शेनबाय यांनी कुंपणाकडे पाठ केली. रोज ते कुबातला दोन तरी शिव्या परत देत. त्या दिवशी एकही दिली नाही आणि गोठ्याकडे निघून गेले. ते बुरूलने पाहिले. सासूच्या जेवणात न्यून राहिले तर म्हातारा मान वर करणार नाही, आणि तोरू कढईत गेला तर म्हातारा पुन्हा जेवणार नाही, हे तिने जाणिले. मग गुरुवारी दुपारी तिने फोन मेजावर उशीस टेकवून उभा केला, आणि मोहिमेस आरंभ जाहला.

पहिली स्वारी खासा शार्शेनबाय यांची. त्यांनी टोपी घातली, कमरपट्टा आवळला, आणि वकिलास फर्माविले की शुक्रवारच्या साऱ्या खरेद्या बंद कराव्या.

वकील म्हणाला, "नक्कीच! मी मदत करतो. सुरुवात पहिल्यापासून करू या. इमानाली कायमचा काढून टाकू का?"

"तोंड सांभाळ!" शार्शेनबाय ओरडले. "माझा बाप आहे तो!"

"समजलं. इमानाली राहू देतो. बोरूकुल रद्द करू का? रद्द केल्यावर परत आणता येणार नाही."

हे शब्द कानी पडताच शार्शेनबाय यांचा चेहरा पडला. आजा बोरूकुल यांनी बर्फाच्या वादळात सारा कळप खिंडीपार नेला होता. त्यांस रद्द म्हणावे, आणि तेही स्वयंपाकघरात बसून, हे त्यांच्याने होईना. घरात अभद्र बोलले गेले असे वाटोन त्यांनी घाईने दोन्ही तळवे उघडून पुढे धरिले, डोळे मिटले, आणि त्या मुलखीच्या रीतीने दुवा मागितली.

"माफ करा, मोठ्यांनो. यंत्र आहे, त्याला समजत नाही. तुमचं नाव राहो. तुम्ही सातही जण दुपटीनं वाढा. ओमीन." आणि त्यांनी तळवे तोंडावरून फिरविले.

"नक्कीच!" वकील म्हणाला. "सातही खरेद्या दुप्पट केल्या आहेत. उद्या सूर्योदयाला सुरू होतील. आणखी काही?"

येणेप्रमाणे पहिल्या स्वारीत शिकस्त जाहली, आणि गनिमाची फौज होती त्याच्या दुप्पट जाहली. आणि वाढविण्यास धन्याची एकट्याची जबानी पुरे, या कलमाचा अर्थ तेव्हा सर्वांस नीट समजला.

"पोरी," शार्शेनबाय हळू आवाजात म्हणाले, "मी काय केलं हे?"

"दुवा दिलीत, बाबा. पोचली, एवढंच."

दुसरी स्वारी बुरूलची. तिने बाह्या वर केल्या, आणि वकिलाशी असे बोलणे लाविले की पितरांची नावे तर घ्यावयाची नाहीत, आणि पितर तर ओळखू यावेत.

"हे बघ. ज्यांनी कळप खिंडीपार नेला ना, त्यांच्या नावची खरेदी थांबवायची आहे."

"क्षमस्व, त्या नावाचा हुकूम सापडत नाही."

"अरे, नाव कुठं सांगितलं मी? खूण सांगितली. वरून दुसरे. दाढी तांबडी होती त्यांची."

"तांबडी दाढी, या नावाने नवा कायम हुकूम सुरू करू का?"

"नको!" बुरूल आणि शार्शेनबाय एकदमच किंचाळले, आणि बुरूलने फोनवर उशी दाबून धरिली.

मग तिने उशी काढिली तेव्हा वकिलाने विचारिले, की आपण दुसऱ्या राखणदार दिसता, धन्याचे नाव सांगता का. बुरूल म्हणाली, "आमचे मोठे. घरातले. ज्यांचा घोडा टोप्या खातो ते." वकील म्हणाला, जुळत नाही. ती म्हणाली, "आठवड्यात मंगळवारानंतर जो दिवस येतो ना, त्याच्यावरून." वकील म्हणाला, जुळत नाही. शार्शेनबाय भिंतीकडे तोंड करून बसले होते, की सुनेवर दडपण नको. तरी त्यांचे कान मागे वळले होते, तोरूचे वळतात तसे.

पुत्रास कुमक मागितली. मिरलान त्या वेळी मचाणावर होता आणि वारा फोनमध्ये घुसत होता. "बुरूल, नाव घेऊन टाक ना एकदा! शब्दच आहे!" तो ओरडला.

"शब्दच आहे ना? मग तू घे तुझ्या सासूचं नाव, माझ्या आईच्या तोंडावर. येत्या उन्हाळ्यात घे. मी चहा ओतते, तू घे."

मिरलानकडे वारा एकाएकी वाढला आणि फोन बंद पडला. येणेप्रमाणे कुमकेचा मार्गही खुंटला.

आता गुरुवार म्हणजे तेलात तळण्याचा दिवस. कढईतून जो वास उठतो तो पितरांस पोचतो, आणि शुक्रवारी ते उपाशी राहत नाहीत, अशी तेथील समजूत. मोहीम असो वा नसो, पितरांस उपाशी ठेवणे शक्य नव्हते. बुरूलने पीठ मळिले, सात चपट्या पोळ्या लाटल्या, आणि पहिली तेलात सोडिली. तेल चरचरले. ती पोळीकडे बघत राहिली, आणि पोळी जळू लागली तरी उलटवीना.

"पोळी, पोरी," शार्शेनबाय म्हणाले.

"बाबा, पाळण्यातलं पोर सारखं आजारी पडायला लागलं तर आपण काय करतो?"

"नाव बदलतो. दुखण्यानं जुन्या नावानं हाक मारली, तर पोर ओ देत नाही. मग दुखणं दुसरीकडे जातं."

"ही सातही पोरं आजारी आहेत, बाबा. पाळण्यातच बिघडलीत. त्यांची नावं बदलू या. मोठ्यांची नावं मोकळी करू. मग उरेल ते कुणीही असो, त्याला रद्द म्हणायला तुम्हाला काय लागतं?"

शार्शेनबाय यांनी प्रथम सुनेकडे पाहिले, मग कढईकडे, मग फोनकडे, आणि त्यांच्या मिशीखाली काहीतरी हलू लागले. बेगायिम गेल्यापासून तेथे काही हलले नव्हते.

"नाव कुणाचंही चालेल?"

"कुणाचंही."

मग तिसरी मसलत अमलात आली. नाव बदलणे म्हणजे मोडणे नव्हे, सबब एकट्या धन्याची जबानी पुरली. शार्शेनबाय यांनी इमानाली यांस सन्मानाने गादीवरून उतरविले, आणि त्या जागी तरुणपणी कुस्तीत ज्याने त्यांस सर्वांदेखत आपटिले तो नारीन गावचा पहिलवान बसविला. बोरूकुल यांच्या जागी कोकरू नेणारा लांडगा बसविला. तिलेबाल्दींच्या जागी आपली डाव्या बाजूची दाढ, जी तीन हिवाळे दुखत होती. ओतोरबाय यांच्या जागी वीज खात्याचा तो कारकून, ज्याने जिवंत बेगायिमला मृत दाखवून मीटर काढिला होता आणि पुढे ती खरेच वारली तेव्हा मीटर परत जोडिला. सारीबाय आणि तिनाय यांच्या जागी कोण आले ते बुरूल ऐकत होती, तरी तिने येथे लिहू दिले नाही, कारण ती माणसे अद्याप गावात राहतात.

प्रत्येक वेळी वकील अदबीने म्हणे, "नाव बदललं." आणि प्रत्येक वेळी बुरूल एक पोळी तेलात सोडी. मूळपुरुष आलिमबाय यांची पाळी आली, तोच वासाचा माग काढीत कुबात दारात उभा राहिला. तळणीच्या दिवशी शेजाऱ्याने यावे आणि एक पोळी खाऊन दुवा द्यावी, हा त्याचा हक्कच होता.

शार्शेनबाय त्याच्याकडे बघत वकिलास म्हणाले, "आलिमबाय यांचं नाव काढ. त्या ठिकाणी कुबात लिही."

"कुठं लिहितोस रे मला?" कुबातने विचारिले.

"बस. पोळी खा. तुला रद्द करतोय."

"बरं. किती किमतीचा आहे मी?"

"सगळ्यांत स्वस्त."

"तुझ्या दाढेपेक्षाही?"

"दाढेनं निदान तीन हिवाळे सोबत केली."

कुबात खो खो हसला आणि पोळीचा मोठा तुकडा तोडून बसला. मग शार्शेनबाय उभे राहिले, कारण असे काम बसून करावयाचे नव्हते, आणि त्यांनी एकेकाचे नाव घेऊन रद्द, रद्द, रद्द ऐसा मारा चालविला. पहिलवानास रद्द म्हणताना त्यांनी हवेत टांग मारिली, आणि दाढेस रद्द म्हणताना गालावर हात ठेविला. कुबातची पाळी आली तेव्हा कुबातच उठला आणि म्हणाला, "जोरात म्हण, लोकांना कळू दे की मी कधीतरी चालू होतो!" गनिमाची फळी येणेप्रमाणे फुटली.

परंतु किल्ला अद्याप पडला नव्हता. वकील म्हणाला, "छान! सातही हुकूम रद्द करण्यासाठी तयार आहेत. आता दुसऱ्या राखणदारांनी धन्याचं पूर्ण नाव सांगावं."

सर्वांनी बुरूलकडे पाहिले. तिच्या हातातला झारा थांबला.

"मी थांबतो," कुबात म्हणाला. "सून सासऱ्याचं नाव घेणार, हे माझ्या कानांना पुन्हा कधी मिळणार?"

शार्शेनबाय यांनी त्यास कॉलर धरून बाहेर काढिले आणि कुंपणापलीकडे पोचविले. मग दारातून वळून, तोंड दुसरीकडे करून म्हणाले, "पोरी, मी तोरूला खरारा करायला जातो. गोठा लांब आहे. शिवाय मला कमी ऐकू येतं."

"कधीपासून, बाबा?"

"आत्तापासून."

बुरूल एकटी राहिली. तिने डोक्यावरचा रुमाल नीट केला, कढईखालची आग कमी केली, दार लोटिले, आणि फोनजवळ तोंड नेऊन असे हळू म्हणाली की तेलासही ऐकू गेले नसेल.

"क्षमस्व, स्पष्ट ऐकू आलं नाही."

तिने पुन्हा म्हटले. वकील म्हणाला, अर्धेच आले, पित्याचे नावही हवे. तिने रुमालाची गाठ चाचपली. तिला सासू आठवली. पहिल्या दिवशी रुमाल बांधता बांधता बेगायिमने म्हटले होते, की नावे गिळायची असतात, पण माणसे नव्हे. मग तिने खिडकी उघडिली, कारण श्वास पुरत नव्हता, आणि सारा जीव एकवटून ओरडली,

"शार्शेन! शार्शेन इमानाली-उलू!"

पलीकडच्या तीन अंगणांतील कुत्री भुंकू लागली. कुंपणापाशी कोणाची तरी टोपी खाली पडली. आणि गोठ्यातून, जेथून काही ऐकू येणार नव्हते, तेथून एक मोठा, कोवळा, घाईचा आवाज आला, "हां! आलो, आलो!"

शार्शेनबाय दारात आले ते हातात खरारा घेऊन, धापा टाकीत, आणि आले तेव्हा त्यांस स्वतःसच कळेना की आपण का आलो. बुरूलने दोन्ही हातांनी तोंड झाकिले.

वकील म्हणाला, "नक्कीच! साक्ष मिळाली. सातही हुकूम रद्द झाले. उद्या कोणतीही खरेदी होणार नाही."

तिकडे कोणी लक्ष दिले नाही.

"माझी आई अशी हाक मारायची," शार्शेनबाय म्हणाले. "कुरणाच्या पलीकडून. मग थोरला भाऊ. तो गेल्यापासून..." त्यांनी खरारा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "सगळे बाय म्हणतात, बाबा म्हणतात, आजोबा म्हणतात. कुबात तर काय म्हणतो ते तू ऐकतेसच."

बुरूलने तोंडावरचे हात खाली घेतले. मग म्हातारा फोनकडे संशयाने पाहू लागला.

"त्याला नीट ऐकू गेलं का?"

"गेलं, बाबा. तो झालं म्हणाला."

"यंत्राचा काय भरवसा? वादळात आवाज तुटतो."

"बाहेर ऊन पडलंय, बाबा."

"तरी," शार्शेनबाय म्हणाले, आणि खराऱ्यातील केस काढण्याचे बहुत महत्त्वाचे काम करू लागले. "खात्रीसाठी. अजून एकदा सांगून ठेवलेलं बरं."

बुरूलने रुमाल आवळला, खिडकीकडे तोंड केले, आणि सांगून ठेविले.

येणेप्रमाणे गुरुवारी फत्ते जाहली. शुक्रवारी सूर्योदय जाहला, आणि वकिलाने खजिन्यास हात लाविला नाही. शनिवारी बाजारातून लठ्ठ घोडी आली, रविवारी बेगायिमचे जेवण सारा गाव जेवला, आणि कोणास पाठीमागे बोलावयास काही सापडले नाही; पाहुण्यास मानाप्रमाणे मांसाचे हाड वाढण्याच्या तेथील रीतीने कुबातला त्याच्या मानाची हाडे मिळाली, तरी तो म्हणाला की रद्द झालेल्या माणसास याहून मोठे हाड द्यावयास हवे होते. तोरू खुंट्यास उभा राहोन पाहुण्यांपैकी दोघांच्या टोप्या खाऊन सुखरूप राहिला. घेतलेले नाणे फोनमध्ये पडून आहे, कधी वर जाते कधी खाली. त्याकडे आता कोणी पाहत नाही.

बुरूल अद्यापही बुधवारास मंगळवारानंतरचा दिवस म्हणते. परंतु म्हातारा गोठ्यात बहुत वेळ गप्प बसला, आणि चहा निवू लागला, म्हणजे ती खिडकी उघडते आणि आधी मोठ्याने सांगते की वकील पुन्हा साक्ष मागतो आहे. मोडावयास एकही हुकूम उरलेला नाही, हे घरात दोघांसही ठाऊक आहे. मग ती हाक देते, आणि गोठ्यातून, "हां! आलो, आलो!" ऐसे उत्तर येते. जाहली ती हकीकत इतकीच, आणि ती येथे कायम केली असे.